प्लास्टर वाळेपर्यंत

उस्ताद पट्टी पाण्यात बुडवायचे आणि बुडबुड्यांकडे बघत राहायचे. प्लास्टरची कोरडी पट्टी बादलीत टाकली की तिच्यातून बारीक बारीक बुडबुडे वर येतात. तुम्ही बघितलं नसेल तर बरंच आहे, हाड मोडल्याशिवाय ते बघायला मिळत नाही. बुडबुडे थांबले की पट्टी बाहेर काढायची, दोन्ही टोकं धरून हलकेच पिळायची. तेवढं झालं की ते आधी पेशंटकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि म्हणायचे, "नई खबर है."

खबर अडीचशे वर्षांपूर्वीची असायची.

सौदीत, जेद्द्याला अल अझीझिया भागात एक खासगी हॉस्पिटल होतं, तिथली प्लास्टर रूम उस्तादांच्या ताब्यात. माझे मिस्टर त्याच हॉस्पिटलात एक्स-रेला. मुलं दिवसभर शाळेत जायला लागली, घरी बसून भिंती किती बघायच्या, म्हणून मीही तिथे मदतनीस म्हणून लागले. शिक्षण माझं सातवीपर्यंत. पुढचं लिहिणं-वाचणं माझं मीच ओढून आणलं, त्यामुळे इथे काही वेडंवाकडं दिसलं तर समजून घ्या. काम सोपं होतं. बादली भरायची, कापसाचे गुंडाळे पुढे करायचे, रडणाऱ्या पोरांना धरायचं, सांडलेलं पुसायचं.

उस्ताद जर्मनीचे. त्यांना नाव होतं, पण अरब, पठाण, केरळी, आपण, सगळे त्यांना उस्तादच म्हणायचे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, भुवयांवर कायम पांढरी धूळ. वीसेक वर्षं इथे काढल्यामुळे हिंदी बोलायचे, पण ती त्यांनी ज्याच्याकडून मिळाली त्याच्याकडून थोडी थोडी उचललेली. क्रियापदं केरळची, शिव्या पेशावरच्या, आणि वाक्य अडलं की मध्ये एक अरबी 'यानी'. मला भाभी म्हणायचे, कारण सगळेच म्हणायचे.

आणि खबर कोणाची, तर त्यांच्या गावाकडच्या एका मूर्तिकाराची. दगडाचा मूर्तिकार नव्हे हं, प्लास्टरचा. भिंतीच्या कडेने माणसाएवढ्या मूर्ती ओल्या प्लास्टरने उभ्या करायच्या, आणि मग घासून घासून त्या संगमरवरासारख्या चकचकीत करायच्या, हा त्याचा धंदा. उभं आयुष्य त्याने एकाच ठिकाणी घातलं, उस्तादांच्या गावच्या चर्चमध्ये. तिथले दोन डोंगर ओलांडले की पलीकडे त्याला कोणी ओळखत नाही. पण उस्तादांची दरवर्षीची सुट्टी त्याच्यामागे जायची. जुनी दप्तरं चाळ, कुठल्या म्हाताऱ्या पाद्र्याला गाठ, मूर्तींच्या पायाशी बसून राहा. परत आले की आम्हाला वर्षभर पुरतील एवढ्या खबरी घेऊन यायचे.

त्याचं नाव ते सांगायचे, पण ते माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. आम्ही त्याला जिप्समवाला म्हणायचो. आता चर्च हा शब्द इथे चार लोकांत मोठ्याने कोण काढणार? म्हणून उस्ताद चर्चला 'बडा घर' म्हणायचे आणि तिथल्या मुख्य पाद्र्याला 'मालिक'. आणि सांगायचे कसं, तर सगळं आज सकाळी घडल्यासारखं. मालिक आज त्याला बोलला, या फरिश्त्याचे गुडघे उघडे आहेत, झाक. तो चिडला, जेवला नाही. घरमालकिणीने त्याची चादर धुतली नाही. पहिल्या आठवड्यात तर मी विचारलं होतं, त्याच्या घरी कोण कोण असतं? तेव्हा उस्तादांनी मला साल सांगितलं. मी घरी येऊन मिस्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, म्हणजे आपल्याकडे पेशवाई चालू होती. मी कपाळाला हात लावला.

प्लास्टर बांधल्यावर ते धरेपर्यंत पेशंटने हलायचं नसतं. तेवढ्या वेळात बसेल एवढीच खबर. पण त्यातही उस्तादांची एक युक्ती होती. प्लास्टर कोमट पाण्यात लवकर धरतं आणि थंड पाण्यात उशिरा. जेद्द्याच्या नळाला उन्हाळ्यात जे पाणी येतं त्यात चहाची पत्ती टाकायचीच काय ती बाकी असते, त्यामुळे इथे गोष्ट सुरू होते ना होते तोच प्लास्टर कडक. म्हणून खबर लांबलचक असली की ते मला नुसतं म्हणायचे, "भाभी, बर्फ." मी समजायची. आमचे हाडांचे मोठे डॉक्टर अकोल्याचे. बर्फाचा ट्रे दिसला की ते दारातूनच म्हणायचे, झालं, आता या माणसाचं हाड जुळेल पण उस्तादांची गोष्ट संपायची नाही.

मी एकदा विचारलं की जगात एवढे मोठमोठे मूर्तिकार झाले, तुम्ही याच्याच मागे का? त्यांनी स्वतःचा उजवा हात सरळ पुढे धरला. जिप्समवाला परांचीवरून पडला होता म्हणे, उजवं कोपर मोडलं. गावच्या हाडवैद्याने फळ्या लावून हात सरळच्या सरळ बांधला. हाड जुळलं, पण कोपर पुन्हा वाकलं नाही. घास तोंडाशी नेता येईना, तर मूर्तीचं नाक काय करणार? मग त्याने डाव्या हाताने सगळं नव्याने शिकून घेतलं आणि निम्मं चर्च डाव्या हाताने पुरं केलं. हे सांगताना उस्तादांनी आपलं कोपर हळूच वाकवलं. म्हणाले, "नब्बे डिग्री. इतना मोड के बाँधना था, बस. मैं होता तो दस मिनट का काम था."

त्यानंतर मी कधी विचारलं नाही.

आमच्या ऐकणाऱ्यांत एक चाचा होते. रत्नागिरीकडचे, बलदमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, त्यांचं अत्तराचं छोटं दुकान. जिन्यावरून पाय घसरून मनगट मोडलं म्हणून आले, आणि मनगट जुळल्यावरही येत राहिले. मी म्हणायची, चाचा, दुखतंय का? ते म्हणायचे, दुखत नाही हो ताई, पण त्या जिप्समवाल्याचं काय झालं? बाकावर टेकायचे, खिशातून अत्तराची कुपी काढून उस्तादांच्या मनगटाला लावायचे. प्लास्टर रूमला तेवढा वेळ मोगऱ्याचा वास यायचा.

चाचांना सल्ले देण्याची फार हौस. मालिकाने पुन्हा काहीतरी खोडा घातला असं ऐकलं की म्हणायचे, कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो तो मालक, वाईट निघाला की माणसाचं असंच होतं, आमच्या गावच्या किती जणांचं झालंय. एकदा म्हणाले, उस्ताद, त्याला इकडे बोलवून घ्या ना. शहराच्या त्या अंगाला एवढे व्हिला उठतायत, प्रत्येकाला छताला जिप्समची नक्षी पाहिजे, सोन्यासारखं काम मिळेल त्याला. उस्ताद गंभीरपणे म्हणाले, नाही, तो हातातलं काम अर्धं टाकून येणार नाही. चाचांनी मान डोलवली, इमानी माणूस आहे म्हणाले. मला वाटलं, दोघं मिळून माझी गंमत करतायत. मी हसले आणि बादली धुवायला गेले.

उस्तादांना एक मुलगी होती, तिकडे मोठ्या शहरात नोकरी करणारी. बायको बऱ्याच आधी वारली. सुट्टीत बापलेक जेवायला बसले आणि यांनी जिप्समवाल्याचा विषय काढला की मुलगी ताट उचलून आत जाते, हे ते हसत सांगायचे. मीही हसायची. माझी मुलं तरी माझं कुठे ऐकतात, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत 'लेटर, आई' म्हणतात.

मग एक दिवस ऑफिसचं पत्र आलं की या वेळी उस्तादांचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की परत जायचं. साठी तर कधीच उलटली होती. उस्तादांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मला वाचता येतं याचा उगाच अभिमान असल्यासारखं. दुपारी कोणी पेशंट नव्हता. पांढरे हात मांडीवर ठेवून बसले होते.

"मेरा क्या है, भाभी," ते म्हणाले, "मैं गाँव जाएगा, आलू लगाएगा. लेकिन इसका क्या? वहाँ कोई सुनता नहीं. इधर टूटा हुआ आदमी भाग नहीं सकता, इसलिए सुनता है."

मी म्हटलं, मुलीला सांगा. ते म्हणाले, सांगून झालं. मी म्हटलं, पुन्हा सांगा. त्यावर त्यांनी खांदे उडवले. ते गेल्यावर त्या माणसाचं नाव घेणारं कोणी उरणार नाही, हेच त्यांना खात होतं. स्वतःच्या जाण्याचं त्यांना फारसं काही वाटत नसावं, पण त्याला पुन्हा एकदा तसंच सोडून जायचं हे जमत नव्हतं.

इतक्या वर्षांत त्यांनी जिप्समवाल्याचं मरण कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायचे, अजून काम चालू आहे. शेवटच्या आठवड्यात मात्र एका सकाळी त्यांनी दोनदा बर्फ मागितला. टेबलावर एक बंगाली ड्रायव्हर होता, पाय मोडलेला. बाकावर चाचा. मी कापूस घेऊन उभी.

त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. थंडीचे दिवस, तबेल्यावरची खोली, खोकला. शेवटची मूर्ती घासून झाली होती. मालिक बघायला आला नाही, घरमालकिणीने तेवढा गरम विटेचा तुकडा कापडात गुंडाळून पायाशी ठेवला. जमीन गोठलेली होती, त्यामुळे खड्डा पुरेसा खोल खणता आला नाही. मातीला दोन माणसं, एक खणणारा आणि एक घंटा वाजवणारा. वर दगड नाही. "वो चला गया," ते म्हणाले, आणि प्लास्टर केव्हाच धरलं होतं तरी त्यावरून तळवा फिरवत राहिले. तो ड्रायव्हर डोळे पुसत होता. चाचा उठून गेले.

आम्ही आणि उस्ताद हॉस्पिटलने दिलेल्या एकाच इमारतीत राहायचो, ते आमच्या वरच्या मजल्यावर. संध्याकाळी मगरिबची नमाज झाली आणि आमची बेल वाजली. दारात चाचा. हातात कापड बांधलेलं भलंमोठं पातेलं, मागे त्यांच्या गावचे दोघं डोक्यावर टोप्या घालून, एकाकडे खजूर, एकाकडे पाण्याच्या बाटल्या.

"ताई, वरचा मजला ना?" चाचा म्हणाले. "तुम्ही पण चला. एकटा माणूस आहे. मयताच्या घरी आज चूल कोण पेटवणार?"

मी म्हटलं, कोणाचं मयत?

"असं काय करता? उस्तादांचा भाऊ गेला ना, तो जिप्समवाला."

माझ्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बडा घर, मालिक, आज असं झालं, काल तसं झालं, आणि भावासारखी माया. चाचांनी एवढे महिने जिवंत माणसाची हालहवाल ऐकली होती. मी मिस्टरांकडे बघितलं. ते पायात चपला सरकवत होते, त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणी होतं. आम्ही दोघं पुढे पळालो, म्हटलं उस्तादांना आधी सांगावं. त्यांनी दार उघडलं. मी घाईघाईने सांगितलं की चाचांचा असा असा गैरसमज झालाय, ते सांत्वनाला आलेत, मी समजावून सांगते त्यांना. उस्ताद माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होते. चाचा पातेलं सांभाळत, दर पायरीला थांबत वर येत होते.

"रहने दो, भाभी," उस्ताद म्हणाले. "ढाई सौ साल में पहला आदमी आया है."

मग त्यांनी आत जाऊन शर्ट बदलला.

आम्ही सगळे खाली गालिच्यावर बसलो. मग चाचांनी विचारलं, तुमच्यापेक्षा मोठा होता का? उस्तादांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बडा. बहुत बडा." मिस्टर खोकल्यासारखं करून खिडकीकडे वळले. चाचा म्हणाले, म्हणजे वडिलांच्या जागी. मग आजार कोणता, शेवटी काही खाल्लं का, बायको-मुलं काही? उस्तादांनी एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. लग्न केलं नाही. दूध घेतलं थोडं. ज्या हाताचं कोपर वाकत नव्हतं तो हात छातीवर घडी करून ठेवता आला नाही, तसाच सरळ राहिला.

चाचांनी आपल्या बऱ्या झालेल्या मनगटाच्या हाताने उस्तादांचा हात धरला.

"दोनच माणसं होती म्हणालात," ते म्हणाले. "आम्हाला पण धरा त्यात."

त्या दोघा टोपीवाल्यांनी माना हलवल्या. मग पातेलं उघडलं. उस्ताद जेवले, मोठ्या भुकेने जेवले. एवढे लोक त्यांच्या घरी मी कधी बघितले नव्हते.

उतरताना जिन्यात मिस्टरांनी चाचांना खरं काय ते सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा माणूस रागावणार, एवढा तांदूळ शिजवून आणलाय. चाचा रिकामं पातेलं काखेत धरून दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहिले. मग म्हणाले, "अडीचशे वर्षं? मग तर कोणीतरी खूप आधीच यायला हवं होतं." आणि उतरायला लागले.

उस्ताद गेले. विमानतळावर चाचा अत्तर घेऊन आले होते. प्लास्टर रूमला नवा माणूस आला, चांगला होता, चपळ. आता प्लास्टर कमी, फायबरच्या पट्ट्या जास्त. पोरांना गुलाबी, निळा, हवा तो रंग. दोन-चार मिनिटांत कडक होतात, पेशंट उठून चालायला लागतो. बर्फ कशाला लागतोय? पुढे मीही काम सोडलं. मिस्टर वारले. मी इथेच मुलाकडे राहते, नातवंडं सांभाळते.

उस्ताद सणासुदीला फोन करायचे. बटाटे लावले होते खरोखर. जिप्समवाल्याबद्दल विचारलं की म्हणायचे, ठीक आहे, एकटा आहे. मग त्यांचे फोन येईनासे झाले.

या हिवाळ्यात मला परक्या नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. सून भात टाकत होती, तिने फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर एक बाई, पन्नाशीकडची, खांद्यात जरा वाकलेली. कोण ते तिने सांगायच्या आधीच मला कळलं.

तिने सांगितलं, वडील गेले. शेवटचे काही महिने वृद्धाश्रमात होते, आणि तिथे ते आपली भाषा सोडून दुसऱ्याच भाषेत बोलायला लागले होते. दिवसभर, न थांबता, जो खोलीत येईल त्याला. तिथल्या नर्सना वाटलं डोकं गेलं. तिला एवढंच समजलं की ती हिंदी आहे. त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर होता. तिने विचारलं, ते काय सांगत असतील, तुम्हाला काही अंदाज आहे का?

माझं इंग्रजी हॉस्पिटलातलं. हलू नका, कुठे दुखतंय, सहा आठवड्यांनी या. पण मी विचारलं, चर्च तुझ्यापासून किती लांब? ती गावीच होती, घर आवरायला आलेली. म्हणाली, रस्त्यापलीकडे. मी म्हटलं, मला घेऊन चल.

ती फोन हातात धरून चालत होती तेव्हा मला तिचे बूट आणि बर्फ दिसत होतं. मग एक जड दार, मग अंधार, मग तिने दिवे लावले.

काय सांगू तुम्हाला. इतकी वर्षं नुसती ऐकलेली माणसं. पांढरीशुभ्र, ओळीने उभी. मी म्हटलं, थांब, मागे जा, ती जाडी बाई, हातात किल्ल्या. ती म्हणाली, ही संत अमुक अमुक. मी म्हटलं, असेल, पण ती त्याची घरमालकीण आहे. सूप पाणचट करायची, म्हणून तिला दारापाशी गारठ्यात उभं केलंय. मुलीने फोन जवळ नेला. मी म्हटलं, तिच्या शेजारचा दाढीवाला तो गिरणीवाला. त्याच्या गळ्याला गोळा आला होता, लोक हसायचे, म्हणून मूर्तीत त्याची दाढी एवढी लांब केलीय. खालून बघ. ती वाकून बघायला लागली. दाढीच्या आत, जिथे कोणी बघणार नाही तिथे, त्याने तो गोळा तसाच ठेवला होता. ती हसली, तिच्या बापासारखी, नाकातून.

मग ती एकेका मूर्तीपाशी थांबायला लागली आणि मी सांगायला लागले. तिने विचारलं, हे सगळं ते तुम्हाला कधी सांगायचे? मी म्हटलं, प्लास्टर वाळेपर्यंत. तिला कळलं नाही. मलाही इंग्रजीत जास्त सांगता येईना.

शेवटी ती वेदीच्या कोपऱ्यात गेली. तिथे खांबाच्या मागे एक तरुण मुलगा होता, पंख अर्धवट मिटलेले, तोंड किंचित उघडं, कोणाला तरी हाक मारायच्या बेतात असल्यासारखा. सगळ्यांत सुंदर तोच होता.

"आणि हा?" तिने विचारलं.

मी खूप आठवून बघितलं. एवढ्या खबरींत तो कुठेच नव्हता. असा मुलगा आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "हा त्यांचा सांगायचा राहिला, बाई."

तिने फोन बाकाच्या कडेला टेकवून ठेवला असावा, कारण पडद्यावर तो मुलगा नुसता स्थिर उभा होता, आणि ती दिसत नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली ती तिकडे त्या चर्चमध्ये ऐकू गेली असेल. मग बाकाच्या लाकडाचा आवाज आला, ती बसल्याचा.

"त्या गिरणीवाल्याचं पुढे काय झालं?" तिने विचारलं.

मी सुनेला म्हटलं, गॅस बंद कर, आणि फोन पिठाच्या डब्याला नीट टेकवून ठेवला.